जिभेची साक्ष

भाजीच्या बीजांतच फेरफार करून तिची चव व तिच्यांतील द्रव्यें पालटावीं कीं नाहीं, असा प्रश्न आहे. कित्येक बंधु म्हणतात कीं, उत्पन्नकर्त्यानें जें जसें केलें तें तसेंच असूं द्यावें. त्यांची भीति आम्हांस समजते. परंतु हें कारण पुरेसें नाहीं. आपल्या शेतांतील गोड काकडी रानांत आपोआप उगवली नाहीं. पिढ्यानपिढ्या शेतकऱ्यानें निवडून बीं राखिलें. मुंबईच्या उपनगरांत ट्रॉम्बे येथें भाभा अणुसंशोधन केंद्रानें किरणांच्या साह्यानें भुईमुगाचीं नवीं वाणें काढिलीं. तीं पेरणारास कोणी पापी म्हणत नाहीं.

मग अडचण कोठें? ती जिभेची आहे. दुधी कडू लागला तर घरची म्हातारी तो फेंकून देते. ही अंधश्रद्धा नव्हे. त्या कडूपणांत विष असतें, आणि तसला रस पिऊन माणसें मेलीं आहेत. चव ही भाजीची साक्ष होय. परंतु २०२३ सालीं अमेरिकेंत एका कंपनीनें मोहरीच्या पाल्याचा तिखटपणाच काढून तो विक्रीस आणिला. त्यांत अपाय आहे असें आम्ही म्हणत नाहीं. साक्षीदार मात्र गप्प झाला.

आपल्याकडे वांग्याचें प्रकरण घडलें. जालन्याच्या महिको कंपनीनें मातींतील एका जंतूचा गुण वांग्यांत घातला. हेतु हा कीं, फळ पोखरणारी अळी तें खाऊन मरावी. हेतु वाईट नव्हता, कारण ह्या अळीपायींच शेतकरी पुनःपुन्हां औषध फवारतो. २००९ सालीं सरकारी समितीनें अनुमति दिली. परंतु मंत्री जयराम रमेश यांनीं नागपुरासह सात शहरीं लोकांचें म्हणणें ऐकून ९ फेब्रुवारी २०१० रोजीं तें थांबविलें. बांगलादेशानें २०१३ सालीं तेंच वांगें स्वीकारिलें.

खाणाऱ्यास विचारलें, हें आम्हांस योग्य वाटतें. जो जिभेची साक्ष बंद करितो, त्यानें स्वतः बोललें पाहिजे. शेतकऱ्याशींहि आणि गिऱ्हाइकाशींहि. १ जानेवारी २०१३ पासून वेष्टनांतील अशा अन्नावर तशी खूण छापण्याचा नियम झाला. पण घाटकोपरच्या हातगाडीवरील वांग्यास वेष्टन कोठलें? उद्यां तसलें वांगें तेथें आलें, तर आई तें दाबून पाहील, देंठ पाहील, भोंक नाहीं म्हणून पिशवींत टाकील. भोंक नाहीं तें फवारणीमुळें, कीं पालटलेल्या बियाणामुळें, हें तिला कोणीं सांगावें?