प्रेमकथा आणि आठ सिलिंडर

अमेरिकेतल्या एखाद्या लेखिकेने प्रणयकादंबऱ्यांची मालिका लिहायला आपल्याला फार मजा येते असं म्हटलं, की समीक्षकाच्या कपाळावर आठी पडते. त्यातून प्रत्येक पुस्तकात एक जुनी ‘मसल कार’, म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन बसवलेली गाडी, असेल तर बोलायलाच नको. शेवट गोड होणार हे आधीच ठरलेलं, मग लिहिण्यात आनंद कसला? मला वाटतं, तो आनंद नेमका या बंधनातून येतो, आणि या गाड्या त्याला विलक्षण पोषक आहेत.

मुळात या गाड्यांचा जन्मच पळवाटेतून झाला. जनरल मोटर्सने मध्यम आकाराच्या गाड्यांच्या इंजिनावर ३३० घनइंचांची मर्यादा घातली होती. तिच्याच पाँटिॲक विभागातल्या जॉन डिलोरियन आणि सहकाऱ्यांनी १९६४च्या टेम्पेस्ट या साध्या गाडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं, व्ही-एट इंजिन बसवलं आणि कागदोपत्री ते वेगळं मॉडेल नव्हे, तर ग्राहकाने मागवायचा एक पर्याय म्हणून दाखवलं. हीच ती जीटीओ. प्रणयकादंबरीचा सांगाडाही असाच बाहेरून आलेला असतो. केंद्रस्थानी प्रेमकथा आणि आश्वासक शेवट, या दोन अटी ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखक-संघटनेने आपल्या व्याख्येतच घातल्या. ‘काय होणार’ हा प्रश्न असा निकालात निघाला, की लेखिकेची सगळी बुद्धी ‘कसं होणार’ याच्या मागे लागते, आणि तिथे गाडी मदतीला येते. गंजलेली शेव्हेल गाडी रस्त्यावर आणायला महिने लागतात. एकमेकांशी न पटणाऱ्या दोघांना रोज एका गॅरेजमध्ये यायला याहून सबळ कारण नको. इंजिनावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळतो की नाही यावर तिची किंमत बदलते. तो जुळला नाही, तर मूळ इंजिन कुणी, का काढलं, इथून घराण्याचा दडलेला इतिहास उकरता येतो. शिवाय एक भाऊ, एक गाडी, एक पुस्तक अशी मालिका सहज लांबते. नोरा रॉबर्ट्स यांच्या ‘चेसापीक बे’ मालिकेत क्विन बंधूंचा लाकडी होड्या बांधण्याचा धंदा हेच काम करतो.

यावर कुणी म्हणेल, हा साचाच झाला. ना. सी. फडक्यांच्या तंत्रवादावरची टीका आठवणाऱ्या मराठी वाचकाला हा आक्षेप नवा नाही. पण साचा सगळ्यांना सारखाच मिळूनही पुस्तकं सारखी होत नाहीत, याचं उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यायला हवं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ढीगभर पेट्रोल पिणाऱ्या, पुरुषी मिजाशीच्या गाड्यांचं हे उदात्तीकरण नाही का? काही अंशी आहेच. मात्र १९७०चा हवा-शुद्धतेचा कायदा, विम्याचे चढे हप्ते आणि १९७३चं तेलसंकट यांनी ते पर्व संपवलं. त्यामुळे लेखिका लिहिते ती सत्तेबद्दल नव्हे, सरलेल्या काळाच्या डागडुजीबद्दल. कार्ब्युरेटर कानाने जुळवणारी नायिका असेल, तर ती मिजासही हात बदलते. आता, लेखिकेला मजा आली म्हणून पुस्तक चांगलं ठरत नाही, हे खरं. तिला ती आली नसेल तर मात्र लगेच कळतं: गाडीचं नाव, रंग आणि वेग एवढंच उरतं. मुखपृष्ठावर चकचकीत चार्जर गाडी आणि आत एकदाही बॉनेट उघडलेलं नाही, अशा पुस्तकावर वाचकांनी पैसे घालवू नयेत.