सरवा आणि कोठार

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका लहान मंडळीत रविवारची उपासना चालविण्याचा प्रसंग माझ्यावर आला. पाळकसाहेब आजारी असल्यामुळे संदेशाचे काम माझ्याकडे सोपविले गेले होते. उन्हाळ्याचे दिवस होते. विहिरी आटल्या होत्या. मी निवडलेला शास्त्रभाग होता थेस्सलनीकाकरांस दुसरे पत्र, अध्याय ३. काम टाळणाऱ्याने भाकरीवर हक्क सांगू नये, अशा अर्थाचा पौलाचा जो बोध तेथे आहे, त्यावर मी मोठ्या आवेशाने बोललो. सरकारी धान्याने व सरकारी योजनांनी लोक आळशी होत चालले आहेत, असेही सांगून टाकले. पुढच्या बाकांवरील नोकरदार मंडळींनी माना डोलावल्या.

उपासना संपल्यावर मागच्या चटईवर बसलेली एक वयस्क विधवा भगिनी माझ्याजवळ आली. पदर सावरीत ती म्हणाली, "गुरुजी, चांगलं सांगितलात. पण मी दोनदा काम मागायला गेले, तर काम न्हाई म्हणाले. मग आम्ही खायचं का न्हाई, ते बी सांगा की."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. पौलाचा बोध ज्यांना काम करण्याची इच्छाच नाही त्यांच्यासाठी आहे. ही बाई तर काम मागत होती. मी मात्र त्या वचनाचा दगड उचलून नेमका तिच्यावर फेकला होता. त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला आहे, तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

शासन खेड्यांसाठी योजना काढते, त्यांविषयी आपल्या मंडळ्यांत साधारणपणे दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की सरकारी मदत म्हणजे आळसाचे पोषण. दुसरे मत असे, की सरकार मायबाप आहे, त्याने द्यावे व आपण घ्यावे. पहिले मत पोट भरलेल्यांचे आहे, दुसरे हात टेकलेल्यांचे. मला वाटते, दोन्ही मते शास्त्राला धरून नाहीत. आपला पिता एकच असून तो स्वर्गात आहे, असे प्रभूने शिष्यांना शिकविले (मत्तय २३:९). पौल अधिकाऱ्याला आपल्या हितासाठी नेमलेला देवाचा सेवक म्हणतो (रोम १३:४). तेव्हा सरकार मायबाप नव्हे, सेवक आहे. सेवकाने जे करावयाचे ते उपकार म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून. मग त्याने ते कसे करावे? येथे पवित्र शास्त्रातील दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले चित्र मिसर देशातील. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत साठविला आणि दुष्काळात लाखोंचे प्राण वाचविले. दूरदृष्टीच्या राज्यकारभाराचा हा उत्तम नमुना म्हणून आपण तो संडे स्कूलमध्ये शिकवितो, आणि ते योग्यच आहे. परंतु उत्पत्तीचा ४७ वा अध्याय आपण सहसा मुलांना वाचून दाखवीत नाही. लोकांनी धान्यासाठी आधी पैसा दिला. तो संपल्यावर गुरेढोरे दिली. पुढच्या वर्षी जमीन दिली आणि शेवटी स्वतःला फारोच्या दास्यात दिले. वर त्यांनी योसेफाचे आभार मानले, कारण जीव तर वाचला होता! पोट भरले, परंतु माणूस गहाण पडला. आणि धान्यासाठी मिसरात आलेले योसेफाचेच भाऊबंद पुढे त्याच राजसत्तेखाली विटा पाडू लागले, हेही विसरू नये.

दुसरे चित्र बेथलेहेमच्या शेतातील. शेताचे कोपरे कापू नयेत, गळालेली कणसे गोळा करू नयेत, ती गरिबासाठी व उपऱ्यासाठी राहू द्यावीत, असा नियम देवाने इस्राएलास लावून दिला होता (लेवीय १९:९-१०). हाच सरवा. मवाबी रूथ, विधवा आणि परक्या देशाची, त्या शेतात सरवा वेचू लागली. येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. तो सरवा बवाजाच्या दयेने निर्माण झाला नव्हता. देवाने शेतमालकाच्या हक्कातून तेवढा भाग आधीच वगळून ठेवला होता. दुसरे, रूथेला तो आयता मिळाला नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकून वेचावा लागला, मग झोडपावा लागला. तिसरे, तिला कोणी लाजवू नये, धमकावू नये, अशी ताकीद बवाजाने गड्यांना दिली. नियम, श्रम आणि अब्रू ही तिन्ही एकत्र आली, म्हणून रूथ धान्य घेऊन घरी गेली ती ताठ मानेने.

शासनाची कोणतीही ग्रामीण योजना तपासावयाची असेल, तर केवळ किती पोटे भरली हे मोजून भागणार नाही. घेणारा माणूस त्या योजनेतून मिसरातल्या लोकांसारखा बाहेर पडतो की रूथेसारखा, हे पाहिले पाहिजे.

आपल्याच मुलखाचा इतिहास या कसोटीला लावून पाहू. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात दख्खन होरपळून निघाले. त्यात आजचे बेळगाव, धारवाड व विजापूरही आले. सरकारने दुष्काळी कामे काढली. परंतु १८७७ च्या आरंभी खर्च वाचविण्यासाठी मजुरी उतरविण्यात आली. पुरुषाला दिवसाचे एक पौंड धान्य व एक आणा. हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी काम नाकारावे ही साधी गोष्ट नव्हे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांचे गाऱ्हाणे सरकारपुढे मांडले. तेथे काम होते, श्रमही होते. परंतु नियम देणाऱ्याच्या हातात होता आणि अब्रूचा विचारच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ ठिकाणी सामुदायिक विकास योजना सुरू झाली. गटविकास अधिकारी, ग्रामसेवक, सुधारलेले बियाणे, रस्ते, शाळा असा तिचा मोठा पसारा होता. हेतू उदात्त होता. परंतु बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये पाहणी केली तेव्हा तिला आढळले, की लोकांचा पुढाकार त्यात उतरलाच नाही. कोठार गावापर्यंत पोहोचले होते, पण गावाला त्यात आवाज नव्हता. त्यातूनच पंचायत राज्याचा विचार पुढे आला.

मग आला १९७२ चा दुष्काळ. तेव्हा खडी फोडलेली माणसे आपल्या मंडळ्यांत अजूनही भेटतात. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. त्याआधी, १९६५ मध्ये, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे एक लहानसा प्रयोग केला होता. काम मागेल त्याला काम. त्या बीजातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता. पुरुषाला व स्त्रीला कामाचा दर एकच. आणि खर्चासाठी १९७५ पासून शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर. मुंबईतील कारकुनाच्या पगारातून कापलेले थोडे पैसे मराठवाड्यातील पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बाईच्या मजुरीत जात होते. एकमेकांची ओझी वाहा हे गलतीकरांस लिहिलेले शिक्षण (६:२) कायद्याच्या रूपात कधी दिसू शकेल, असे कोणाला वाटले होते?

तेव्हाच प्रथम शासनाचे धान्य कोठारातून निघून सरव्याच्या शेतात आले, असे मला वाटते. २००५ मध्ये संसदेने याच धर्तीचा कायदा केला व २००८ पर्यंत तो देशभर लागू झाला. बेळगाव, ग्वाल्हेर, इंदूरकडील आपल्या मंडळ्यांच्या आसपासच्या खेड्यांतही वर्षाला शंभर दिवस काम मागण्याचा हक्क पोहोचला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ केले आहेत, मात्र पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची मुभा ठेवली आहे आणि राज्यांवरील खर्चाचा भार वाढविला आहे. त्याच्या गुणदोषांची चर्चा जाणत्यांनी करावी. आपल्यापुढचा प्रश्न नाव बदलले तरी तोच राहतो. त्या विधवा भगिनीला काम मागता येते काय, आणि ती मागते तेव्हा तिची मान वर असते काय?

कोणी म्हणेल, या योजनांत खोटे हजेरीपट भरले गेले, मेलेल्या माणसांच्या नावे मजुरी उचलली गेली, पहिल्या पावसात रस्ते वाहून गेले. हे खरे आहे. ते झाकण्यात अर्थ नाही. परंतु त्याचा दोष सरवा वेचणारीला देता येत नाही. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असे याकोब सांगतो (५:४). महिना-दोन महिने मजुरी न मिळणे ही कारकुनी चूक म्हणून आपण सोडून देतो. शास्त्र तिला पाप म्हणते.

दुसऱ्याचे कोठार तपासताना आपलेही तपासावे. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज दुष्काळातच मिशनच्या आश्रयाला आले. त्या अन्नाबद्दल आपण देवाचे उपकार मानतो. पण त्याबरोबर मिशनच्या बंगल्याकडे पाहत बसण्याची सवयही काही ठिकाणी लागली, आणि मिशनरी गेल्यावर आपण पोरके झाल्यासारखे वागलो. याच इतिहासात दुसरे उदाहरणही आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून व १९०० मध्ये गुजरातेतून निराधार मुली केडगावी आणल्या, तेव्हा त्यांच्या हाती नुसते ताट दिले नाही. माग दिला, शेती दिली, छापखान्यातले खिळे जुळविण्याचे काम दिले. पुढे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांना आरोग्यसेविका केले. दुष्काळात हातपंप बसविले ते दलित वस्तीत, म्हणजे सवर्णांनी पाण्यासाठी तिकडे यावे. ज्याला सगळे हिणवीत, त्याच्या दारात पाणी! केवळ पाणी देण्याने जे झाले नसते, ते पाणी कोठे द्यावे या विचाराने झाले.

मग आपण काय करावे? त्या रविवारनंतरची हकिगत सांगतो. चौकशी केली तेव्हा कळले, की त्या बाईने काम तोंडी मागितले होते. लेखी अर्ज नाही, तारखेची पोच नाही. पोच नसेल तर पंधरा दिवस मोजावयाचे कोठून? शिवाय कचेरीचा कारभार कानडीत आणि तिला मराठीही वाचता येत नव्हते. मंडळीतील एका कॉलेजच्या मुलाने कानडीत अर्ज लिहिला. तिच्यासह अकरा बायांनी त्यावर अंगठे उठविले. आमच्यापैकी दोघे बरोबर गेलो, मात्र बोललो नाही. बोलल्या त्या बायाच. पोच मिळेपर्यंत त्या दारातून हलल्या नाहीत. काम निघाले, तळ्यातील गाळ काढण्याचे. मजुरीला उशीर झाला, त्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागला. चमत्कार काही घडला नाही. पण पुढच्या ग्रामसभेला त्यांतल्या चौघी स्वतः होऊन गेल्या, हे मी आवर्जून सांगतो.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळ्यांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. अर्ज लिहिता येणे हेही देवाने दिलेले दान आहे. ते दान आपण बदलीच्या नि बढतीच्या अर्जांवरच खर्च करणार काय? ग्रामसभेची तारीख उपासनेच्या सूचनांत वाचून दाखवायला काय हरकत आहे? आणि हे सारे केवळ आपल्या मंडळीतील माणसांसाठी नसावे. सरवा उपऱ्यासाठीही होता. मात्र एक सावधगिरी बाळगू. मदत करता करता आपणच लहानसे फारो होऊ नये. ज्याचा अर्ज आपण लिहिला, त्याने आपल्या दारी वाकून उभे राहावे, ही इच्छा फार गोड असते आणि फार घातकी असते.

ती भगिनी आता प्रभूकडे गेली. तिच्या घरी शेवटच्या भेटीला गेलो, तेव्हा उशाच्या पत्र्याच्या पेटीत तिने ती पोच जपून ठेवली होती. कागद पिवळा पडला होता, शिक्का पुसट झाला होता. मी ती वाचून दाखविली. ती हसून म्हणाली, "गुरुजी, तुमचं ते वचन आता सांगा. आता मला चालतंय."

काम टाळणाऱ्याने खाऊ नये, हे वचन खरेच आहे. पण ते कोणाला ऐकविण्यापूर्वी त्याच्यासाठी शेताचा कोपरा राखला आहे काय, हे पाहण्याची सुबुद्धी देव आपल्या राज्यकर्त्यांना, आपल्या मंडळ्यांना आणि माझ्यासारख्या उपदेशकांना देवो.