खवल्यावरचे आठ हिवाळे

नाना मिनेसोटाला आले ते चष्म्याच्या जुन्या डबीत चार गऱ्या घेऊन. कापसात गुंडाळलेल्या, गंज पुसून तेल लावलेल्या. चिपळूणला त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, पण गावाच्या लक्षात राहिलं ते त्यांचं वाशिष्ठीच्या कोंडावर गरवत बसणं. अजूनही त्यांना तिकडे 'गरीवाले मास्तर'च म्हणतात.

आमचं घर मिनीॲपोलिसच्या पश्चिमेला, एका लहान तळ्याकाठी. या राज्याच्या गाड्यांच्या पाटीवरच 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं असतं, तेव्हा मागच्या अंगणात तळं असण्याचं इथे कुणाला अप्रूप नाही. नानांना मात्र होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी परवाना काढायला लावला. माझ्या लेकीला परवाना लागत नव्हता, सोळा वर्षांखालच्या मुलांना इथे तो लागत नाही. ती आठ वर्षांची होती. आजोबा आणि नात लाकडी धक्क्यावर पाय सोडून बसले.

पहिल्या दिवशी अकरा गांडुळं गेली आणि एकही मासा आला नाही. बुच थरथरायचं, नाना झटका द्यायचे, गरी रिकामी वर यायची. मरळीसाठी वापरायची ती गरी, त्यावर अख्खं गांडूळ. मासे पुढ्यातच दिसत होते, ताटलीसारखे चपटे, कानाशी काळा डाग असलेले. गांडुळाचं लोंबणारं टोक ओढून खायचे आणि निघून जायचे.

शेजारच्या आजीबाई हे पाहत होत्या. ऐंशीच्या घरातल्या, एकेकाळी शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या. न राहवून त्या धक्क्यावर आल्या. नानांचं इंग्रजी पुस्तकी, आजीबाईंचं तोंडातल्या तोंडात, म्हणून दुभाषी माझी लेक.

"नाना, त्या म्हणतायत, याचं तोंड बघा आधी."

याला इथले लोक लाडाने 'सन्नी' म्हणतात. सनफिशच्या कुळातला हा ब्लूगिल. कल्ल्याच्या खालच्या कडेला निळी झाक असते म्हणून ते नाव. याचा चुलतभाऊ पंपकिनसीड, त्याच्या कानाच्या डागाला नारिंगी-लाल ठिपका. दोघांचंही तोंड एवढंसं, की लेकीची करंगळीसुद्धा जेमतेम शिरेल. आजीबाईंनी आपल्या डबीतून आठ नंबरची, लांब दांड्याची गरी काढली. इथे आकडा वाढला की गरी लहान होते, हे कळल्यावर गणिताचे मास्तर खूष झाले. दांडा लांब असला की गिळलेली गरी सोडवता येते, माशाचा घसा फाटत नाही. त्यावर गांडुळाचा नखाएवढा तुकडा, टोक लोंबू न देता. वर वीतभर अंतरावर शिशाचा एकच दाणा, आणि बुच असं हलकं की माशाने नुसता श्वास घेतला तरी कळावं.

श्वास हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. ब्लूगिल चावत नाही, पाण्यासकट आमिष आत ओढून घेतो. आधी समोर येऊन थांबतो, बघतो, मग ओढतो, आणि काही खटकलं तर तेवढ्याच झटपट बाहेर फुंकतो. त्यामुळे बुच बुडण्याची वाट बघणारा फसतो. बुच नुसतं कलंडतं, कधी बाजूला सरकतं, कधी तर किंचित वर उचललं जातं. तेवढ्यात मनगट हलकेच वळवायचं, झटका द्यायचा नाही. आमिष सावकाश बुडू द्यायचं, कारण हा मासा बुडत्या आमिषाच्या मागे येतो. आणि पाच मिनिटं काही झालं नाही तर जागा बदलण्याआधी खोली बदलून बघायची. हे थवे पाण्याच्या मधल्या थरात तरंगत राहतात, हातभर खाली-वर झालं तरी चुकामूक होते.

नाना मन लावून ऐकत होते. सत्तर वर्षांच्या माणसाला विद्यार्थी होताना बघणं मला फार आवडलं.

तिसऱ्या दिवसापासून मासे यायला लागले. गरी लागली की हा मासा अंग आडवं करून गोल गोल फिरतो. चपट्या अंगाला पाण्याचा विरोध एवढा, की तळहाताएवढा मासा काठी वाकवतो. पाठीवरच्या पात्याला दहा काटे, म्हणून धरताना हात डोक्याकडून शेपटीकडे न्यायचा आणि काटे मिटवायचे. त्याआधी हात ओला करायचा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही मग रोगाने मरतो. उरलेली गांडुळं अंगणात टाकायची नाहीत, कचऱ्यात. इथलं मूळचं गांडूळ हिमयुगात संपलं, आता आहेत ती सगळी बाहेरून आलेली, आणि ती जंगलातल्या पाचोळ्याचा थर खाऊन टाकतात. आजीबाईंची ही शेवटची सूचना लेकीने घरच्या फ्रीजवर लिहून लावली.

जून उजाडला आणि पाणी कोमट झालं. एके सकाळी नानांना धक्क्यापासून थोड्या अंतरावर, कमरेहून कमी पाण्यात, वाळूत खळगे दिसले. परातीएवढे, एकाला एक लागून, मधाच्या पोळ्यासारखे. प्रत्येक खळग्यावर एक मोठा नर, छाती तांबूस-नारिंगी झालेला, जागेवरून हलायला तयार नसलेला. इतके दिवस खोलवर असलेले थोराड मासे आता हाताच्या अंतरावर उभे होते.

नानांनी गांडूळ खळग्यात सोडलं की नर त्यावर तुटून पडायचा. वाट बघणं नाही, बुचाची भाषा नाही. दोन तासांत चौदा मासे झाले, सगळे वीतभर. कायद्यात ते बसत होते, राज्यात सर्वसाधारणपणे दिवसाला 20 सनफिश घेता येतात. संध्याकाळी रवा लावून तळले, कोकमाची कढी केली. नाना त्या रात्री गावाकडच्या गोष्टी सांगत उशिरापर्यंत बसले होते. मीही बसले होते. आनंद खरा होता, तो लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी लेक एकटीच धक्क्यावर पालथी पडून पाण्यात बघत होती. मग तिने हाक मारली, "नाना, इकडे या. लवकर."

रिकाम्या खळग्यांवर बोटभर मासे तुटून पडले होते. शेकड्यांनी. तळाच्या खड्यांना चिकटलेली बारीक अंडी टिपत होते. ज्या खळग्यांवर नर शिल्लक होता, तिथे तो एकेका चोराला हाकलत होता आणि मधूनच शेपटीने अंड्यांवर वारा घालत होता.

"आई कुठंय यांची?" लेकीने विचारलं.

आजीबाईंनीच उत्तर दिलं. मादी अंडी घालून निघून जाते. खळगा बापाने खणलेला असतो, आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत आठवडाभर बापच राखतो. तोपर्यंत तो खाण्यासाठी दूर जात नाही. काल तो गांडुळावर धावला तो भुकेने नव्हे, घरात कुणी शिरलं म्हणून.

त्यांनी नानांना माशांचे खवले मागितले. मोरीजवळच्या बादलीत ते होतेच. त्यातला एक मोठा खवला काचेवर ठेवून भिंगाखाली धरला. खवल्यावर झाडाच्या बुंध्यासारखी वलयं. उन्हाळ्यात मासा वाढतो तेव्हा रेषा विरळ, बर्फ पडलं की दाट. दाट झालेली प्रत्येक कड म्हणजे एक हिवाळा. लेकीने बोटाच्या टोकाने मोजलं.

"आठ," ती म्हणाली. "नाना, हा माझ्याएवढा होता."

नाना काही बोलले नाहीत. भिंगातून स्वतः मोजलं. पुन्हा मोजलं. गणिताच्या माणसाला उत्तर बरोबर असल्याची खात्री करायची सवय असते.

आजीबाई रागावल्या नव्हत्या. त्या फक्त सांगत राहिल्या. त्यांच्या लहानपणी या तळ्यात असे मासे पुष्कळ होते. दरवर्षी लोकांनी खळग्यांवरचे मोठे नर उचलले. मोठे नर गेले की लहान नरांना थांबायचं कारण उरत नाही, ते बोटभर असतानाच वयात येतात आणि अंग वाढवायचं सोडून बीज तयार करायला लागतात. मग तळं माशांनी भरलेलं दिसतं, पण सगळे बोटभरच. म्हणून आता राज्याने काही तळ्यांवर मर्यादा 5 किंवा 10 वर आणली आहे.

त्या संध्याकाळी नाना मला म्हणाले, "अगं, मला हे ठाऊक होतं."

मी लहान असताना त्यांनीच सांगितलेली गोष्ट होती. मरळीची पिल्लं तांबडी असतात, पाण्यावर लालसर ढग सरकल्यासारखी दिसतात, आणि खाली आई-बाप पहारा देतात. नानांनी पोरवयात अशा ढगाखाली गरी सोडली होती. त्यांच्या आजोबांनी काठी हिसकावून गुडघ्यावर मोडली आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. "इथे मासा वेगळा दिसला," नाना म्हणाले, "म्हणून मी विसरलो."

उरलेले दिवस ते खळग्यांकडे गेले नाहीत. संध्याकाळी पाणगवताच्या कडेला, पुरुषभर खोलीवर बसायचे, मधल्या आकाराचे चार-पाच घ्यायचे. तिथे पुन्हा बुचाची भाषा लागायची, धीर लागायचा. एकदा मोठा नर लागलाच. लेकीने न सांगता हात पाण्यात बुडवले, काटे मिटवून धरला, गरी सोडवली. मासा क्षणभर तिच्या ओंजळीत थांबला आणि गेला.

पुढच्या वर्षी नाना चिपळूणलाच होते. पहिला पाऊस झाला, वहाळ भरले, चढणीचे मासे उलट्या पाण्याने वर निघाले. रात्री बत्त्या, पाग, टोपल्या घेऊन अख्खा गाव ओढ्यावर जातो ते दिवस. नानांचा फोन आला.

"किती मिळाले?" लेकीने विचारलं.

"तीन. बाकीच्यांचं पोट गाबोळीने भरलेलं होतं. साकवावर बसून त्यांना वर जाताना बघितलं. पोरं म्हणाली, मास्तर म्हातारे झाले."

"आमच्याकडे खळगे झालेत."

"मोजलेस?"

"एकवीस. सकाळी आणि संध्याकाळी मोजते."

नाना जरा थांबले. मागे पावसाचा आवाज येत होता.

"आणि बाप?"

"सगळे आहेत, नाना. एकही हललेला नाही."