खबरदार आणि खबऱ्या

'खबर' हा अरबी शब्द फार्सी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. त्याच्यापासून मराठीत दोन शब्द रूढ झाले. एक खबरदार, दुसरा खबऱ्या. ज्याच्याजवळ खबर आहे आणि म्हणून जो सावध आहे, तो खबरदार. जो दुसऱ्याला खबर पुरवतो आणि त्यानंतर ज्याला कोणी काही सांगत नाही, तो खबऱ्या. दोघांच्याही हातात वस्तू तीच आहे. फरक आहे तो नात्याचा. हा फरक भाषेपुरता नाही. देशाच्या संरक्षणाचा विचार करतानाही तो लक्षात घ्यावा लागतो.

आघाडीवरच्या सैनिकाला बंदुकीइतकीच गरज असते ती खांद्यावर वाहून नेता येईल अशा बिनतारी संचाची. पण संच असून भागत नाही; तो शेजारच्या तुकडीच्या संचाशी जुळला पाहिजे. 1983 साली ग्रेनाडा बेटावर उतरलेल्या अमेरिकन सैनिकांना समोर समुद्रात उभ्या असलेल्या स्वतःच्याच युद्धनौकांशी धड बोलता येत नव्हते, कारण दोघांची यंत्रे वेगळी होती. आता सॉफ्टवेअरवर चालणारे रेडिओ आले आहेत. जुन्या संचात बोलण्याची एकच पद्धत कायमची बसवलेली असे. नव्यात ती बदलता येते. आपल्या नौदलासाठी असे संच घेण्याचा करार संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सशी केला. ऑक्टोबर 2025 मध्ये डीआरडीओने तिन्ही दलांसाठी अशा रेडिओंचे सामाईक मानक जाहीर केले. ही प्रगती स्वागतार्हच आहे. पण यंत्राने यंत्राशी बोलायचे ठरवले, म्हणून माणूस माणसाशी बोलेलच असे नाही.

या प्रश्नाचे मूळ जुने आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मार्कोनी कंपनीची किनाऱ्यावरची केंद्रे दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरून आलेले संदेश घेत नसत. यंत्र ऐकू शकत होते. व्यापार ऐकू देत नव्हता. अखेर 1906 साली बर्लिन येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. यंत्र कोणाचेही असो, किनारा आणि जहाज यांनी एकमेकांचे संदेश घेतलेच पाहिजेत आणि संकटातल्या जहाजाची हाक सर्वांत आधी, असे त्यात ठरले. म्हणजे 'तुझे यंत्र माझ्या यंत्राशी जुळते' या तांत्रिक गोष्टीच्या आधी 'तुझी हाक ऐकणे माझ्यावर बंधनकारक आहे' ही नैतिक गोष्ट मान्य करावी लागली. आज कोणत्याही बंदरातल्या बोटीवर व्हीएचएफ संचाचा 16 नंबरचा चॅनेल संकटासाठी मोकळा ठेवतात, त्याच्यामागे हीच समजूत आहे.

आता आपल्या रायगडच्या किनाऱ्याकडे पाहू. 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरवली गेली. 12 मार्चला मुंबईत स्फोट झाले आणि 257 माणसे मेली. त्या वेळी संच कमी होते, बोटी कमी होत्या, हे खरे. पण माल अडला नाही तो यंत्राच्या कमतरतेमुळे नव्हे. ज्यांनी तो अडवायचा, त्यांतल्या काही कस्टम अधिकाऱ्यांनी आणि पोलिसांनी पैसे घेऊन वाट मोकळी केली. टाडा न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. खबर त्यांच्याजवळ अमानत होती. त्यांनी ती विकली. जगातला उत्तमातला उत्तम रेडिओ हातात दिला असता, तरी त्यांनी त्याचे बटण दाबले नसते.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. 18 ऑगस्ट 2022 रोजी हरिहरेश्वरला एक बेवारस बोट लागली. आत तीन एके-47 रायफली सापडल्या. जिल्ह्यात नाकाबंदी झाली. 1993 ज्यांनी पाहिले होते, त्यांच्या पोटात गोळा आला. चौकशीअंती कळले की ती 'लेडी हान' नावाची, एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची बोट. मस्कतहून युरोपला जाताना जून महिन्यात तिचे इंजिन बंद पडले, माणसांना एका कोरियन युद्धनौकेने वाचवले आणि बोट वाहत इकडे आली. येथे कोणी काही विकले नव्हते. पण शस्त्रे असलेली बोट समुद्रात मोकळी सुटली आहे, हे जगात काही लोकांना माहीत होते, आणि ज्या किनाऱ्याला ती लागायची होती तेथल्या गावकऱ्यांना माहीत नव्हते. उलट गावकऱ्यांनीच ती आधी पाहिली आणि पोलिसांना कळवली.

एका ठिकाणी खबर विकली गेली, दुसऱ्या ठिकाणी ती पोहोचवणे कोणाचेच काम नव्हते. मग खबर असते कोणाची? ज्याने मिळवली त्याची, की ज्याच्या खात्याच्या शिक्क्याखाली ती पडून आहे त्याची? माझे उत्तर असे आहे की, जी न कळल्याने ज्याचा जीव जाऊ शकतो, तिच्यावर पहिला हक्क त्याचा. बाकीचे सगळे तिचे अमानतदार.

यावर रास्त आक्षेप आहे. सर्वांना सर्व सांगितले तर शत्रूलाही कळेल. म्हणूनच लष्करी संचातून संदेश सांकेतिक होऊन जातो आणि त्याची किल्ली ठरावीक लोकांकडेच असते. गस्तीची वेळ मच्छीमाराला सांगा, असे कोणी म्हणत नाही. शत्रूपासून लपवणे हे संरक्षण आहे. पण आपल्याच माणसापासून लपवणे ही बहुतेक वेळा मालकीची हौस असते.

मात्र 'आपला माणूस' कोण, हे ठरवताना गाडी अडते. 1993 नंतर या किनाऱ्यावरच्या मुस्लिम वस्त्यांनी संशयाची नजर पुष्कळ सोसली. माल उतरवायला मदत करणारे काही जण याच भागातले होते, हे आपण नाकारू नये. पण शिक्षा झालेल्या अधिकाऱ्यांची आणि पोलिसांची यादी पाहिली, तर त्यात हिंदू नावेही आहेत आणि मुस्लिम नावेही. बेइमानीला आडनाव नसते, तसे इमानदारीलाही नसते. मे 1999 मध्ये गारकोन गावचे ताशी नामग्याल हरवलेला याक शोधायला कारगिलच्या डोंगरात गेले आणि त्यांना घुसखोर दिसले. त्यांच्या हातात कोणताही संच नव्हता; खबर पायी चालत लष्कराकडे आली. त्यांचा धर्म वा वस्ती पाहून ती बाजूला ठेवली असती, तर आणखी दिवस वाया गेले असते. माणसाची खबर जरूर तपासावी; पण तपास खबरेचा व्हावा, नावाचा नव्हे.

26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर मच्छीमारांना किनाऱ्याचे 'डोळे आणि कान' म्हटले जाऊ लागले. सागरी पोलिसांसाठी 1093 आणि तटरक्षक दलासाठी 1554 हे क्रमांक दिले गेले. हा सन्मान खरा आहे, पण अपुरा आहे. डोळे आणि कान स्वतः काही समजून घेत नाहीत, ते फक्त पुरवतात. इस्रोने बोटींसाठी केलेले संकटसूचक यंत्र 2010 पासून वापरात आहे. पहिल्या यंत्रातून हाक जात असे, पण ती कोणी ऐकली की नाही हे बुडणाऱ्याला कळत नसे. पुढच्या पिढीच्या यंत्रात 'तुमचा संदेश मिळाला' असे उत्तर समुद्रात परत येते. माणसाला धीर देणारी हीच एक ओळ आहे. जे यंत्राला जमले, ते कचेरीला जमायला हवे.

माझ्या वर्गात नाखवांची आणि खलाशांची मुले आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या वडिलांनी रात्री समुद्रात अनोळखी दिवा पाहिला आणि फोन केला, तर दुसऱ्या दिवशी त्या दिव्याचे काय निघाले, हे दोन शब्दांत, त्यांना कळेल अशा बोलीत, कोणी कळवेल काय? कळवले, तर ते खबरदार होतील आणि पुढच्या वेळी पुन्हा फोन करतील. न कळवले, तर ते खबऱ्याच राहतील. आणि खबऱ्या एक दिवस गप्प बसायला शिकतो.