‘घर बंद’ असा शेरा

पावसाळ्यात सह्याद्रीच्या वाड्यांवर टपाल वाटायचं म्हणजे प्लास्टिकात गुंडाळलेली थैली छातीशी धरून ओढा ओलांडणं आलंच. हे काम ग्रामीण डाक सेवकाचं. तो सरकारी नोकर, पण पुरता नाही. काम दिवसाला चार-पाच तासांचं. २०१८च्या सुधारणेत चार तासांसाठी ठरलेला सुरुवातीचा मोबदला महिना दहा हजार. पोटापाण्याचं आणखी काही साधन त्याने बघावं, अशी खात्याचीच अपेक्षा. चिखल, कुत्री, हातातल्या यंत्राला न मिळणारी रेंज ही गाऱ्हाणी तो उघडपणे सांगतो. एक अडचण मात्र तो सहसा बोलून दाखवत नाही.

समजा, दुकानदाराच्या वकिलाची नोटीस आली आहे. ज्याच्या नावाने आली तो अंगणातच उभा आहे. म्हणतो, “आबा, तेवढं ‘घर बंद होतं’ असं लिहून टाका की.” मागणारा परका नाही. आपल्या वाटपाच्या टापूतच राहायचं, हा डाक सेवकाला नियम. म्हणजे उद्या पारावर गाठ याच माणसाशी. लिहायला लागतात दोन शब्द. खरं लिहावं की दयेचं?

आपल्या परंपरेने या प्रश्नाला सरधोपट उत्तर दिलेलं नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाचा सत्यव्रती येतो. जीव वाचवून पळालेली माणसं कुठे लपली, हे तो दरोडेखोरांना खरंखरं सांगतो आणि त्या सत्यापायी नरकात जातो. योगसूत्रांवरचं व्यासभाष्यही तेच धरून चालतं: प्राण्यांचा घात करणारी वाणी सत्य ठरत नाही. उलट जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ साली खुन्याशीसुद्धा खोटं बोलू नये, असा हट्ट धरला. वाडीतल्या माणसाला कांटपेक्षा व्यास जवळचे वाटणार, यात नवल नाही.

मग डाक सेवकाने खोटा शेरा मारावा का? इथे कौशिकाची गोष्ट त्याच्या कामी येत नाही. कौशिकासमोर सगळं उघड होतं: पळणारे कोण, मागे लागलेले कोण, पुढे काय होणार. डाक सेवकाच्या हातात बंद पाकीट असतं. ते फोडायचा त्याला अधिकार नाही. त्यात बुडवणारी बातमी आहे की तडजोडीचा प्रस्ताव, हे त्याला ठाऊकच नसतं. ज्याचं हित साधायचं ते हित कशात आहे हेच कळत नसेल, तर दयेपोटी बोललेलं खोटं कशाच्या आधारावर उभं राहणार?

कायद्याने तर ही दया पार उलटी करून ठेवली आहे. चेक न वटल्याची नोटीस मिळाली की पैसे चुकते करायला १५ दिवस मिळतात. आणि पत्ता बरोबर असेल, तर ‘नकार’ काय किंवा ‘घर बंद’ काय, नोटीस पोचली असंच न्यायालय सहसा गृहीत धरतं. सर्वोच्च न्यायालयाने २००७च्या एका निकालात हे पुन्हा स्पष्ट केलं. नोटीस मिळालीच नाही म्हणणाऱ्याला समन्स आल्यावर १५ दिवसांत पैसे भरायची वाट त्याच निकालाने ठेवली आहे, पण तोवर खटला उभा राहिलेला असतो. म्हणजे ज्याला वाचवायला शेरा मारला, त्याचीच खटल्याआधीची मुदत पाकीट न उघडता निघून जाते.

एवढं कायद्याचं ज्ञान डाक सेवकाकडून अपेक्षिणं अन्यायाचंच. तरी जुन्या टपालवाल्यांकडे एक तिसरी रीत असायची. पत्र वाचून दाखवायची वेळ आली की वाईट बातमी असली तरी ते मजकूर बदलत नसत. आधी घरातल्या कुणा थोरल्याला हाक मारत, पाणी मागवत, मग वाचत. आजच्या नोटिशीलाही ती लागू पडते. सही घ्यायची, आणि पाकीट हातात देताना सांगायचं की तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे, पात्र असेल त्याला तिथे फुकट वकील मिळतो, उद्याच जा. हे डाक सेवकाच्या कामाच्या यादीत नाही, आणि त्याचा वेगळा पैसाही मिळत नाही.