बियाण्यासाठी राखलेले फळ

(शुभवर्तमान : योहान १२ : २०-३३)



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या व्हरांड्यात चहा घेताना आपले काही तरुण आणि एक निवृत्त शिक्षक यांच्यात चांगलाच वाद रंगला. विषय क्रिकेटचा होता. विदर्भाचा माजी कर्णधार फैझ फझल फेब्रुवारी २०२४ मध्ये निवृत्त झाला, त्याची आठवण निघाली. एक तरुण म्हणाला, "सर, एकवीस वर्षांची कारकीर्द, आणि भारताकडून सामने किती? एक! काय मिळालं त्याला?" सर म्हणाले, "त्याला काय मिळालं ते नंतर बघू. आधी सांग, विदर्भाला काय मिळालं?" दोन्ही बाजू हटेनात. शेवटी सगळे माझ्याकडे वळले, "फादर, आता तुम्हीच सांगा."

चहाच्या कपाबरोबर उत्तर देता आले नाही. आठवडाभर विचार केला, तो आज आपल्यासमोर ठेवतो.

आपले देऊळगाव राजा विदर्भाच्या अगदी कडेला आहे. पलीकडे जालना लागले की मराठवाडा सुरू होतो. तिथला मुलगा क्रिकेटमध्ये महाराष्ट्राच्या संघाकडे बघतो, आपला मुलगा विदर्भाच्या. आणि विदर्भाचा संघ म्हटले की अनेक वर्षे लोक हसत. १९५७-५८ च्या मोसमापासून आपण रणजी करंडक खेळतो आहोत, पण साठ वर्षांत करंडक एकदाही हाती आला नाही. मुंबई, दिल्ली, कर्नाटक हे मोठे संघ आणि आपण लिंबूटिंबू, हे जणू ठरूनच गेले होते. 'आपल्याकडे असंच चालायचं' हे वाक्य आपल्याला केवळ क्रिकेटमध्ये ऐकावे लागत नाही. सिंचन असो, कारखाने असोत, नोकऱ्या असोत, अनुशेष हा शब्द ऐकतच आपण मोठे झालो.

अशा संघाकडून २००३ साली नागपूरच्या मैदानावर अठरा वर्षांचा फैझ फझल पहिला प्रथम श्रेणी सामना खेळला. पुढे तो कर्णधार झाला. २०१७-१८ च्या मोसमात त्याने ९१२ धावा केल्या. चंद्रकांत पंडित यांच्यासारखे कडक शिस्तीचे प्रशिक्षक त्याच मोसमात लाभले. उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या पाच धावांनी विजय मिळाला. मग इंदूरला अंतिम सामना झाला. रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक घेतली, अक्षय वाडकर नावाच्या तरुण यष्टिरक्षकाने शतक ठोकले आणि १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भाने पहिला रणजी करंडक उचलला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, नागपूरला सौराष्ट्रावर मात करून करंडक पुन्हा आपल्याकडेच राहिला. दोन्ही वेळा कर्णधार फझलच होता.

त्या संघात मुंबईहून आलेला वसीम जाफरही होता. विदर्भाकडून ठरलेल्या एका मोसमात दुखापतीमुळे त्याला खेळता आले नव्हते, तरी त्याचे मानधन त्याला मिळाले. ते त्याच्या मनाला लागून राहिले. म्हणून पुढच्या, म्हणजे पहिल्या विजेतेपदाच्या मोसमात तो मोबदला न घेता खेळला. हिशेब मागायला कोणी आले नव्हते, त्याच्या मनानेच तो मागितला. चाळिशी ओलांडल्यावर, दुसऱ्या विजेतेपदाच्या मोसमात, त्याने हजारावर धावा केल्या. मार्च २०२० मध्ये तोही निवृत्त झाला.

आता त्या तरुणाचा प्रश्न. १५ जून २०१६ रोजी हरारे येथे झिंबाब्वेविरुद्ध फझल भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला. नाबाद ५५ धावा केल्या. भारत दहा गडी राखून जिंकला. त्यानंतर भारतीय संघाच्या यादीत त्याचे नाव पुन्हा आले नाही. बाद न होता जो परतला, त्याला पुन्हा फलंदाजीला बोलावणे आले नाही.

मला कळते, हा प्रश्न विचारणारा तरुण केवळ फझलविषयी बोलत नव्हता. भरतीच्या याद्यांत थोडक्या गुणांनी मागे राहणे म्हणजे काय, हे त्याच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. म्हणून त्याच्या प्रश्नाला मी 'देवाची इच्छा' असे म्हणून झटकणार नाही. यादीत नाव नसण्याचे दुःख खरे आहे. घरची चूल त्यावर अवलंबून असते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटलचा एक विचार मनात घर करून राहिला. तो म्हणतो त्याचा मथितार्थ असा, की मान-सन्मान हे माणसाच्या जीवनाचे अंतिम ध्येय होऊ शकत नाही, कारण मान ज्याला मिळतो त्याच्यापेक्षा जो देतो त्याच्या हाती तो अधिक असतो. जे आपले खरे धन, ते कोणाला सहजी काढून घेता येऊ नये. निवड समितीने फझलला दुसरा सामना दिला नाही, हे तिच्या हाती होते. पण हरारेहून परतल्यावर नागपूरला पुन्हा पॅड बांधायचे, त्याच निष्ठेने खेळायचे आणि मागून आलेल्या पोरांना जिंकायची सवय लावायची, हे त्याच्या हाती होते. विदर्भाचे दोन्ही करंडक हरारेच्या नंतरचे आहेत. मनात कडवटपणा धरून तो कोपऱ्यात बसला असता तर कदाचित आज व्हरांड्यात वाद घालायला आपल्याकडे विषयच नसता.

आजच्या शुभवर्तमानाकडे पाहू या. सणासाठी यरुशलेमला आलेले काही ग्रीक लोक फिलिपकडे येतात आणि येशूला भेटायची इच्छा व्यक्त करतात. त्याच्या थोडेच आधी लोकसमुदायाने झावळ्या घेऊन येशूचा जयजयकार केलेला आहे. त्याची कीर्ती परदेशी लोकांपर्यंत पोचली आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याचे चाहते वाढत आहेत. अशा वेळी प्रभू कीर्तीविषयी बोलत नाही. तो गव्हाच्या दाण्याविषयी बोलतो. दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो, असा त्याचा आशय आहे.

हा दृष्टांत आपल्या तालुक्यात फोड करून सांगायची गरज नाही. इथली शेडनेटे बघा. मिरची, टोमॅटो, काकडी यांचे बीजोत्पादन आपल्यापैकी कित्येक कुटुंबे करतात. आपल्या भगिनी सकाळी लवकर जाऊन एकेका फुलाचे हाताने क्रॉसिंग करतात. लालबुंद टोमॅटो तयार होतो, पण तो बाजारात जात नाही. कोणी त्याचा भाव करत नाही, कोणाच्या ताटात तो पडत नाही. त्याला चिरडतात, बी वेगळे करतात, धुतात, वाळवतात. ते बी कुठल्या कुठे जाते. कोणाच्या शेतात उगवले, कोणी तोडा केला, हे त्या फळाला कधी कळत नाही. नवख्याला वाटेल, एवढे सुंदर फळ वाया गेले. आपल्याला ठाऊक आहे, तेच सर्वांत मोलाचे फळ होते.

काही माणसे बाजारासाठी पिकतात, काही बियाण्यासाठी राखली जातात. दोन्ही फळेच आहेत. पण बियाण्याच्या फळाची किंमत बाजारभावाने करायची नसते.

पुढे काय झाले ते पाहा. फझल निवृत्त झाला तो मोसम चालू असतानाच. त्याच नागपूरच्या मैदानावर, जिथे सुरुवात झाली तिथेच, त्याने निरोप घेतला. काही आठवड्यांनी, मार्च २०२४ मध्ये, विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात उतरला तेव्हा तो संघात नव्हता. मुंबईने आपल्याला हरवले. पण त्या सामन्यात ५३८ धावांच्या डोंगरापुढे शतक काढून कोण झुंजला? कर्णधार अक्षय वाडकर, इंदूरच्या अंतिम सामन्यातला तोच तरुण यष्टिरक्षक! आणि २ मार्च २०२५ रोजी नागपूरला केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला, तेव्हा तो उचलणारा कर्णधारही वाडकरच होता. दाणा एकटा राहिला नव्हता.

बंधू-भगिनींनो, इथवर मी खेळाडूंविषयी बोललो. आता माझ्याविषयी थोडे बोलणे भाग आहे.

आपल्या गायनवृंदाची पेटी अनेक वर्षे ज्यांनी सांभाळली, ते काका गेले काही महिने मागच्या बाकावर बसतात, हे आपण पाहिले असेल. त्यांची बोटे आता पूर्वीसारखी चालत नाहीत. पेटी एका तरुणाकडे सोपवायला हवी होती, त्यात चूक नव्हती. चूक माझ्या पद्धतीत होती. त्यांच्याशी आधी एक शब्द न बोलता मी वेदीवरून सूचनांच्या वेळी नाव जाहीर करून मोकळा झालो. विजेच्या बिलाची सूचना द्यावी तसे. त्यानंतर ते दोन रविवार आले नाहीत. मला वाटले, मनाला लावून घेतले, येतील हळूहळू.

व्हरांड्यातल्या त्या वादानंतर मला मोशेची आठवण झाली. ज्याने लोकांना चाळीस वर्षे रानातून चालवले, त्याने वचनदत्त देश नबो डोंगरावरून केवळ डोळ्यांनी पाहिला. आत नेण्याचे काम यहोशवाचे होते. पण त्याआधी परमेश्वराने एक गोष्ट करायला लावली होती. सर्व लोकांसमोर मोशेने स्वतः यहोशवावर हात ठेवले. जाणाऱ्याच्या हातून येणाऱ्याला अधिकार मिळाला. मी आपल्या काकांना तेवढेही करू दिले नाही.

बुधवारी त्यांच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. (हे सर्व त्यांच्या परवानगीने लिहीत आहे.) ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फादर, राग गेला असं नाही म्हणत. पण त्या पोराला सांगा, पेटीचा भाता एका बाजूने गळतोय. जोर लावून ओढू नको म्हणावं. मी येऊन दाखवतो."

त्या तरुणाला माझे उत्तर काकांच्या या शब्दांत आहे. फझलला काय मिळाले ते मी मोजू शकत नाही. पण राग पुरता गेलेला नसतानाही ज्याच्या मनात 'पेटी नीट वाजली पाहिजे' हीच काळजी असते, त्याचे जीवन वाया गेलेले नसते. यादीत नाव असो वा नसो.

म्हणून आज दोन विनंत्या करतो. जे आपले काम दुसऱ्याच्या हाती देत आहेत, मग ते शेत असो, दुकान असो, मंडळाचे पद असो की घरची किल्ली, त्यांनी ती मूठ मोकळ्या मनाने उघडावी. आणि आपण जे मागे राहून पुढे चालवणार आहोत, त्यांनी आभार मानायला कोणाच्या अंत्यविधीची वाट पाहू नये. माणूस ऐकू शकतो तोवर त्याला सांगावे. ज्यांच्याकडून आपण काही शिकलो अशा एकाच्या घरी या आठवड्यात जाऊन या. फोन नको, प्रत्यक्ष जा.

येत्या रविवारी मिस्सापूर्वी काका आपल्या सर्वांसमोर पेटी त्या तरुणाच्या हाती देतील. दहा मिनिटे आधी या.

हे प्रभू येशू, तू स्वतः मातीत पडलेला दाणा झालास. आमच्या आधी ज्यांनी पेरले त्यांची आठवण आमच्यात जागी ठेव. आमचे नाव कोठल्याच यादीत नसेल त्या दिवशीही आम्हाला तुझ्या शेतात निष्ठेने राबू दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू