डोळे वटारणारी सून

एका तालुक्याच्या गावात एक शिवणकाम करणारी सून होती. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, असं काम येई. तिची टीप सरळ होती आणि बोलणं मवाळ. घरात सासू, नवरा आणि ती, अशी तीनच माणसं.

एका हिवाळ्यात तिच्यात फरक पडू लागला. घरचे गोधडी पांघरून निजत, ती पंखा लावे. पहाटे तीनला उठून कापड बेतायला घेई. दोन दिवसांचं काम एका रात्रीत हातावेगळं करी. गिऱ्हाइकं खूश होती. भूक इतकी वाढली की सासूनं भाकरीचं पीठ जास्त मळायला घेतलं. तरी अंग उतरतच गेलं. स्वतःचे ब्लाऊज तिनं दोनदा आत घेतले. बायका म्हणत, "काय करतेस गं? आम्हालाही सांग की." तिलाही ते ऐकून बरं वाटे.

घरात वेगळंच चाललं होतं. चहा जरा निवला तरी ती चिडे, भांडं आपटे आणि मग मोरीशी जाऊन रडे. सासूला सगळ्यात खटकले ते तिचे डोळे. साधं "हो आई" म्हणतानाही सून डोळे वटारते, असं म्हातारीला वाटू लागलं. "हातात पैसा आला, नजर फिरली," ती लेकाला म्हणाली. त्यानं ऐकून घेतलं आणि तोही बायकोशी कामापुरतं बोलू लागला. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. काही उतरलं नाही.

मग लग्नसराई आली आणि सुनेला सुई ओवता येईना. बोटं थरथरत. एका रेशमी ब्लाऊजची टीप वाकडी गेली, सगळी उसवावी लागली. रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, जरा इथे हात ठेवून बघा." ती निजलेली होती आणि छाती धडधडत होती. तो उठूनच बसला.

शेजारच्या काकूंना कळलं. "थायरॉईडच असणार, मलाही आहे," म्हणत त्यांनी आपल्या बाटलीतल्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या. "रोज सकाळी उपाशीपोटी एक घे." सून घेणारच होती. नवरा म्हणाला, "आधी दाखवून येऊ." सासूही बरोबर निघाली.

डॉक्टरबाईंनी तिला हात पुढे करायला लावले, बोटं फाकवली आणि त्यांवर एक कोरा कागद ठेवला. कागद थरथरू लागला. नाडी मोजली. पाण्याचा घोट गिळायला लावून गळा पाहिला. मग रक्त तपासायला दिलं. टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असायला हवं, तिचं ०.०१ आलं. टी३ आणि टी४ मात्र खूप वर.

"मशीनच्या मोटारीचं पायडल दाबलेलंच राहिलं तर काय होईल? तुमच्या गळ्यातल्या ग्रंथीचं तसं झालंय," बाई म्हणाल्या. "काकूंची ग्रंथी मंद आहे. त्यांची गोळी हार्मोन वाढवते. ती घेतली असती तर अजून बिघडलं असतं."

सासूनं विचारलं, "आणि हिचे डोळे?"

"त्या वटारत नाहीत, आई. या आजारात वरची पापणी मागे ओढली जाते, बुबुळाच्या वरचं पांढरं दिसतं. ग्रेव्ह्ज नावाच्या आयरिश डॉक्टरानं १८३५ मध्येच अशा बायकांबद्दल लिहून ठेवलंय."

परतताना एसटीत सासूनं खिडकीची जागा सुनेला दिली.

दोन औषधं मिळाली होती. दमा नाही ना, हे विचारून दिलेल्या प्रोप्रानोलोलनं धडधड आणि थरथर काही दिवसांत कमी झाली. कार्बिमाझोलला आठवडे लागणार होते, आणि ते घ्यायचं होतं वर्ष-दीड वर्ष. घसा दुखून ताप आला तर ती गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं, कारण क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात. मूल हवं असेल तर आधी सांगायचं. नवऱ्यानं हे सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं.

झोप आली, हात स्थिरावला, अंगही भरलं. त्याच बायका आता म्हणू लागल्या, "सुटलीस गं!" सुनेनं कुणाला न सांगता गोळी बंद केली.

काही आठवडे गेले. एका थंड रात्री सासूला पंख्याचा आवाज आला. ती उठून पुढच्या खोलीत गेली. सून अंधारातच बसली होती.

"गोळी घेतेस ना गं?"

सुनेनं मान हलवली, नाही म्हणून. सासू ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेल्या.

आजारानं त्या सुनेला जे दिलं, त्यातलं बरंचसं गावानं गुण म्हणून वाखाणलं: झपाटा, बारीक अंग, रात्रीचं जागरण. जे वाखाणता येईना, त्याला घरानं स्वभाव म्हटलं. तुला काय होतंय, हे तेवढं विचारायचं राहिलं. पंख्याच्या रात्री सासूनं न ओरडता विचारलं, आणि कार्बिमाझोलइतकंच तेही कामी आलं.

दीड वर्षानं गोळी थांबली. आजार उलटू शकतो म्हणून अधूनमधून रक्त तपासणं तेवढं चालू राहिलं.

पुढे एकदा एक मुलगी ब्लाऊज आत घ्यायला आली, दोन महिन्यांत दुसऱ्यांदा. सुनेनं वहीतलं जुनं माप पाहिलं. "हात पुढे कर बघू," म्हणत तिनं बेतायचा कागद मुलीच्या बोटांवर ठेवला. कागद हलला नाही. झोप कशी लागते, छाती धडधडते का, तेही विचारलं.

मुलगी हसली. लग्न ठरलं होतं आणि तिनं रात्रीचं जेवण सोडलं होतं.

"मग माप पुढच्या आठवड्यात घेऊ," सून म्हणाली. "आधी घरी जाऊन जेव."